नववीतली मुलगी, सौंदत्तीचा भंडारा आणि नवी शाळा

कोल्हापूर_ते_बेळगाव

नमस्कार. यजमानांना उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कोल्हापूर सोडून बेळगावला आलो. अंतर म्हटले तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. गणपत गल्लीत खरेदीला गेले तर दुकानदार मराठीतच भाव सांगतो, शेजारीपाजारी मराठी बोलतात, त्यामुळे आपण परमुलखात आलो आहोत असे आम्हा मोठ्यांना कधी वाटलेच नाही. परमुलूख लागला तो मुलीला. कोल्हापुरात ती मराठी माध्यमात होती. इथे तिला इंग्रजी माध्यमात घातले आणि दुसरी भाषा म्हणून कन्नड वाट्याला आली, जिचे एक अक्षरही तिला ओळखता येत नव्हते. मधल्या सुट्टीत तिच्या वर्गातली मुले कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात कालवून बोलतात, आणि त्यांचे हसणे संपले तरी हिला विनोद कळलेला नसतो.

आता मुद्द्याचे लिहिते. आमच्या सासरचे कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा देवी आहे. गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला सासूबाई दरवर्षीप्रमाणे सौंदत्तीला गेल्या होत्या आणि परतताना आमच्याकडे उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नात शाळेला निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. मुलीने नमस्कार केला, दप्तर घेतले, आणि चपला घालण्यापूर्वी गुपचूप मोरीत जाऊन कपाळ धुतले. कानाजवळ थोडा पिवळा डाग राहिला होता, तोही रुमालाने घासून काढला. सासूबाईंनी ते पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी यजमानांना म्हणाल्या, "पोरगी हाताबाहेर चालली."

तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीवरून खटके उडत आहेत. पालकसभेला येताना साडी नेसू नकोस आणि मोठ्याने बोलू नकोस, असे ती मला सांगते. हळदीकुंकवाला बायका येतात तेव्हा खोलीचे दार लावून बसते. आणि आता शाळेने राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटक राज्य स्थापना दिनाच्या, समूहनृत्यात तिची निवड केली आहे. आमच्या गल्लीतले एक जाणते गृहस्थ मला म्हणाले की १ नोव्हेंबरला इथल्या मराठी घरातली मुले असल्या कार्यक्रमात नाचत नाहीत. मुलगी म्हणते की एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणीतरी गटात घेतले आहे, आणि तेही तुम्ही सोडायला लावणार का? तिला कुठवर मोकळे सोडावे आणि कुठे धरून ठेवावे, हे मला खरोखर समजेनासे झाले आहे. इथल्याच लोकांनी सांगितले तर बरे होईल.

वडगावकर

ताई, आपल्या गल्लीतल्या गृहस्थांनी जे सांगितले ते कशामुळे सांगितले, हे आधी समजून घ्यावे ही विनंती. आपण कोल्हापूरहून इथे आलात. आम्ही कुठूनही आलेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि आमच्या आजोबांचा मुलूख त्यांनी उंबरठाही न ओलांडता बदलला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४६ साली, याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. १९६६ साली या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. त्याने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, असे सुचवले आणि ते महाराष्ट्राने नाकारले. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून १ नोव्हेंबरला एकीकडे चन्नम्मा चौकात लाल-पिवळे कन्नड ध्वज नाचतात आणि दुसरीकडे आमची माणसे दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला निघतात. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आणि एकाच गावात घडतात.

या पार्श्वभूमीवर मुलांना थोडा ताठ कणा शिकवला नाही, तर पुढच्या पिढीत घरातली देवघरे राहतील आणि भाषा जाईल, एवढेच माझे म्हणणे आहे. भंडारा धुतला याचे मला फारसे काही वाटत नाही; शाळकरी वयात आम्हीही कपाळ पुसले आहे. नृत्याचे मात्र मी तरी नाही म्हटले असते.

आता_बेंगळुरूत

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. माझे बालपण येळ्ळूरच्या बाजूला गेले आणि पियूसीनंतर (बारावीनंतर) मी शिक्षणासाठी बेंगळुरूला आलो. मी नवरात्रात पहाटे पांढरा सदरा आणि भगवा फेटा घालून दुर्गामाता दौडीत धावलो आहे, आणि त्याच वर्षी शाळेच्या राज्योत्सवाच्या कार्यक्रमात खांद्यावर लाल-पिवळे उपरणे घेऊन उभाही राहिलो आहे. मला या दोन्हींत कधी विरोध जाणवला नाही. विरोध जाणवला तो मोठ्या माणसांच्या प्रश्नांमुळे. गल्लीत विचारले जाई की तू त्यांच्या कार्यक्रमात का गेलास. शाळेत एक शिक्षक सर्वांसमोर विचारत की तू कर्नाटकचे अन्न खातोस, मग कन्नड इतके कच्चे का. दोन्ही ठिकाणी मला चौदाव्या वर्षी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, आणि ज्या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयातही लागलेला नाही, त्यात कोणत्या बाजूने बोलतोस असे मला विचारले गेले.

त्याचा परिणाम असा झाला की मी दोन्ही ठिकाणी खोटे बोलायला शिकलो. घरी सांगत असे की कार्यक्रमाला गेलोच नाही, आणि शाळेत सांगत असे की दौडीत मी नव्हतो, तो माझा चुलतभाऊ होता. मराठी मी आजही वाचतो आणि लिहितो, त्यामुळे भाषा गेली असे म्हणता येणार नाही. पण घरच्यांना मनातले सांगण्याची सवय त्या काळात मोडली आणि ती पुन्हा लागायला बरीच वर्षे गेली. ताई, आपली मुलगी कपाळ धुताना निदान घरातल्या मोरीत धुते आहे. ती रिक्षात बसून पुसायला लागेल, तेव्हा आपल्याला काहीच दिसणार नाही.

चिक्कोडीची_सून

माझे माहेर निपाणीचे मराठी आणि सासर चिक्कोडीकडचे कन्नड, त्यामुळे आमच्या घरात मुलांना दोन्हींपैकी एक निवडण्याची सोयच नाही. मला फक्त भंडाऱ्याबद्दल लिहायचे आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर जेवढी गर्दी कोल्हापूर-सांगलीकडची असते, तेवढीच हुबळी-धारवाड-गदगकडचीही असते. तिच्या वर्गातल्या निम्म्या कन्नड मुलींच्या घरी यल्लम्मा असेल आणि त्यांच्या आज्याही असाच भंडारा लावत असतील. मुलीला ही गोष्ट "मराठी" म्हणून लाजिरवाणी वाटत असेल, तर तिला तसे कोणी सांगितलेले नसावे. तिने एकटीने बसून तशी समजूत करून घेतली असावी. एखाद्या मैत्रिणीला घरी जेवायला बोलवा आणि सासूबाईंना तिच्याशी बोलू द्या. बाकी मला काही सुचत नाही.

खानापूरचे_मास्तर

मी खानापूर तालुक्यातल्या माध्यमिक शाळांतून मराठी शिकवून निवृत्त झालो. आठवी ते दहावी या वयाची मुले मी आयुष्यभर पाहिली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंटाळा आल्यास सोडून द्यावे.

पहिली गोष्ट अशी की या वयात लाज वाटणे हा परंपरेवरचा आघात नव्हे. तेरा ते सोळा या वयात मुलाला आपण दुसऱ्याच्या नजरेतून कसे दिसतो, याची पहिल्यांदा तीव्र जाणीव होते. गावातच वाढलेल्या आणि भाषा न बदललेल्या मुलालाही वडिलांच्या जुन्या लुनाची लाज वाटते. ज्याची शाळा, भाषा आणि मित्र एकाच वेळी बदलले आहेत, त्याला ती दुप्पट वाटणार. फरक एवढाच की गावातल्या मुलाची लाज आपण वयावर घालतो आणि स्थलांतर केलेल्या मुलाची संस्कारांवर घालतो, आणि तिथून घरातले भांडण सुरू होते.

दुसरी गोष्ट कन्नडची, आणि माझ्या मते आपल्या मुलीचे खरे दुखणे तिथे आहे. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले, आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून पुढे टप्प्याटप्प्याने ते लागू करण्यात आले. म्हणजे तिच्या वर्गातली मुले लहानपणापासून कन्नड वाचत आली आहेत आणि ही मध्येच येऊन बसली आहे. पालकसभेत साडी नेसू नको असे ती म्हणते, तेव्हा तिला साडीची अडचण नसते. वर्गात जी आधीच "बाहेरची" ठरली आहे, तिला आणखी एका खुणेने उठून दिसायचे नसते. कन्नड वाचता येऊ लागले की यातल्या पुष्कळशा खुणा आपोआप निरुपद्रवी होतात. मी पाहिलेल्या मुलांत ज्यांचे कन्नड पक्के होते, तीच गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या चित्ररथापुढे सर्वांत मोकळेपणाने नाचत असत. ज्यांना ते येत नव्हते ती एक तर कुढत असत किंवा उगाच आक्रमक होत असत.

वडगावकरांची भीती मला समजते. भाषेचा हक्क हा उपकार नव्हे. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ कलम सांगते, आणि ते १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आले आहे. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मी स्वतः घरोघरी पट मागत हिंडलो आहे. पण ती लढाई मोठ्यांनी सभेत, कचेरीत आणि न्यायालयात लढायची असते. नववीतल्या मुलीला नृत्याच्या गटातून काढून ती लढाई एक पाऊलही पुढे सरकत नाही, आणि मुलीला मात्र मराठीपण म्हणजे मैत्रिणी गमावणे, असा हिशेब कायमचा शिकवला जातो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या शाळेत एका खेड्यातली दहावीची मुलगी होती. तिचे आजोबा सातबारा वाचण्यात तरबेज, पण इथला तसाच उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये येते आणि ती त्यांना वाचता येत नसे. नाडकचेरीच्या (स्थानिक महसूल कचेरीच्या) खिडकीशी ती कागद हातात घेऊन उभी राही, सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव असे एकेक रकाना बोट ठेवून कन्नडमधून वाची आणि आजोबांना मराठीत सांगे. आजोबा मध्येच थांबवून विचारत, "आकारबंद किती लिहिलाय?", आणि ती पुन्हा वर जाऊन शोधत असे. तिच्या घरी तिच्या कन्नडबद्दल कधी कोणी कुरकूर केली नाही, कारण ते कन्नड त्या घराच्या जमिनीची राखण करत होते. ती मुलगी घरची कुळधर्माची सगळी कामेही करी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात कन्नड नाटकातही काम करी. मात्र हेही लिहिले पाहिजे की कचेरीच्या कामासाठी तिचे शाळेचे दिवस बुडत, आणि आजोबांच्या कर्जाचा आकडा वयाच्या पंधराव्या वर्षी तिला पाठ होता. मुलांना दुभाषी करताना त्यांच्यावर काय लादतो आहोत, याचाही विचार व्हावा.

शहापूर_ते_मेलबर्न

मास्तरांनी शेवटी जे लिहिले आहे ते वाचून राहवले नाही. मी बेळगावातल्या शहापूरचा, आता अनेक वर्षे ऑस्ट्रेलियात आहे. इकडे आलेल्या सगळ्याच देशांच्या कुटुंबांत हे घडते: बँक, दवाखाना, सरकारी पत्रे यांसाठी आईवडील मुलांवर अवलंबून राहतात, घरातली सत्ता नकळत उलटी होते, आणि ती परत मिळवण्यासाठी आईवडील मग कपडे, मित्र आणि सणवार यांवर जास्त घट्ट मूठ आवळतात.

या विषयावर इकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने स्थलांतरितांच्या चार वाटा मांडल्या आहेत: दोन्ही संस्कृती धरणे, फक्त नवी धरणे, फक्त जुनी धरणे आणि दोन्हींपासून तुटणे. पोर्टेस आणि रुम्बाउट या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अमेरिकेत मायामी आणि सॅन डिएगो परिसरातल्या आठवी-नववीच्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांपासून सुरुवात करून त्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. दोन्ही भाषांवर चांगली पकड असलेली मुले अभ्यासात आणि आत्मविश्वासात बरी ठरली आणि त्यांचे आईवडिलांशी खटकेही कमी उडाले, असे त्यांना दिसले. सर्वांत जास्त ताण होता तो मुले झपाट्याने नव्या समाजात मिसळली आणि आईवडील जिथल्या तिथे राहिले, अशा घरांत. अमेरिकेतले निष्कर्ष बेळगावला जसेच्या तसे लावू नयेत, हे मला मान्य आहे. तिथे स्थलांतरिताची भाषा रस्त्यावर सहसा ऐकू येत नाही. आपल्याकडे खडेबाजारात ती दर चार पावलांवर ऐकू येते. पण आईवडील जिथल्या तिथे राहतात हा भाग मला तंतोतंत लागू वाटतो. ताई, आपण स्वतः कन्नड शिकायला सुरुवात केली आहे का?

कोल्हापूर_ते_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. मेलबर्नच्या दादांच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. मला कधी गरजच पडली नाही, आणि मुलीला ती रोज पडते.

चिक्कोडीच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे तिच्या वर्गातल्या एका मुलीला रविवारी जेवायला बोलावले होते. ती बैलहोंगलकडची आहे. देवघरातली परडी आणि भंडाऱ्याचा डबा पाहून ती सहज म्हणाली की आमच्याकडेही असाच डबा आहे आणि परीक्षेच्या दिवशी अज्जी जबरदस्तीने लावते. आमची मुलगी काही बोलली नाही. तिच्यात लगेच काही फरक पडला असे मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाचे दार अजून बंदच आहे. सासूबाईंशी मात्र मी बोलले. भंडारा घरी लावावा, शाळेला जाताना ठेवायचा की पुसायचा ते तिचे तिने ठरवावे, असे त्यांनी बऱ्याच नाराजीने मान्य केले. सणाच्या दिवशी देवासमोर नमस्कार आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी मराठीत बोलणे, या दोन गोष्टींवर मी ठाम राहणार आहे, आणि कपडे व केस यांवर बोलणे बंद करणार आहे. नृत्याला तिला जाऊ देत आहे. वडगावकर काकांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

वडगावकर

पटलेले नाही, पण निर्णय आपला आणि मुलीचा आहे, आणि आपण तो उघडपणे सांगितलात याचा मला आदर आहे. फक्त एक करावे. तिला नाचू द्यावे, पण त्याच दिवशी गावात दुसरी फेरी का निघते, हे तिला कोणीतरी नीट सांगितलेले असावे. शाळेत ते सांगितले जाणार नाही आणि गल्लीत जे सांगितले जाईल ते आरडाओरड्याचे असेल. तिला घेऊन एखाद्या रविवारी वडगावला या, मी जुनी कात्रणे दाखवतो आणि काही विचारले तर उत्तर देतो. तिने कोणाची बाजू घ्यावी, असे मी विचारणार नाही. बेंगळुरूच्या मुलाने जे लिहिले आहे ते मी वाचले आहे.

आता_बेंगळुरूत

काका, पुढच्या सुट्टीत मीही येतो.

कोल्हापूर_ते_बेळगाव

काका, नक्की येऊ. मास्तर, आपल्याला एक विचारायचे आहे. मुलगी आणि मी दोघींनी मिळून कन्नड सुरू करायचे ठरवले आहे. शिकवणीची बाई थेट धड्याची प्रश्नोत्तरे पाठ करून घेते आणि मुलीला त्यातले काही वाचताच येत नाही. सुरुवात कुठून करावी?

खानापूरचे_मास्तर

प्रश्नोत्तरे तूर्त बाजूला ठेवावीत. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमाने जाते, क-ख-ग-घ-ङ तसेच आणि ळ सुद्धा आहे, त्यामुळे नवी शिकायची आहे ती फक्त अक्षरांची वळणे. जास्तीचे लक्ष द्यायचे ते ए आणि ओ यांच्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्यांकडे, कारण मराठीत तो भेद नाही आणि मराठी मुलांचे शुद्धलेखनाचे गुण बहुधा तिथेच जातात. जोडाक्षरात दुसरे व्यंजन खाली लहान आकारात लिहितात. त्याला ओत्तक्षर म्हणतात. ती सर्वांत शेवटी घ्यावीत. सरावाला पुस्तक नको. बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या आणि विजेचे बिल पुरे, कारण गावांची आणि माणसांची नावे आधीच ओळखीची असल्याने वाचलेले बरोबर की चूक, हे लगेच कळते.

व्याकरणाला घाबरू नये. वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच नामाला चिकटतात, आणि टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी अशी आपल्याकडची कटकट तिथे नाही. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच असतात. शिकवणीच्या बाईंना स्पष्ट सांगावे की पहिले काही आठवडे फक्त वाचन आणि श्रुतलेखन घ्या. श्रुतलेखन घरी आपण दोघींनी एकमेकींना घालावे आणि तपासायचे काम मुलीकडे ठेवावे, आईच्या वहीवर लाल शाई मारायला मिळाली की मुले शिकण्यात जास्त रस घेतात. पुढच्या घटक चाचणीचा तपासलेला पेपर हातात आला की त्याचा फोटो नाव झाकून इथे टाका. चुका अक्षरांच्या आहेत की प्रत्ययांच्या, ते पाहून पुढचे सांगतो.